नाणेघाट पाहायला गाईड घ्यायलाच हवा का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात दोन दिवस मोकळे आहेत, जुन्नरजवळचा नाणेघाट, म्हणजे कोकणातून वर येणारी जुनी खिंड आणि तिच्यातलं कोरीव लेणं, आणि जमलं तर शेजारचा जीवधन किल्ला बघायचाय, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी आहे, तर गाईड घ्यावा का आणि बेत कसा आखावा.

गाईड घ्या. वाटेसाठी तो लागणार नाही. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी पार घाटमाथ्यावर जाते, तिथून खिंडीत उतरून लेण्यापर्यंत पाचदहा मिनिटांची चाल आहे. खरी गरज पडते ती लेण्यात शिरल्यावर.

मी पहिल्यांदा गेलो तो जुलैतला रविवार होता. धुक्यात हाताचं बोट दिसेना, लेण्यात पावसाचा आडोसा म्हणून माणसं दाटीवाटीनं उभी होती. भिंतीवर काही रेघोट्या आहेत एवढं दिसलं, पाच मिनिटांत बाहेर पडलो. दोन वर्षांनी थंडीत परत गेलो तेव्हा तिकडचेच एक निवृत्त मास्तर सोबत आले. त्यांनी टॉर्च भिंतीवर समोरून मारलीच नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि हळूहळू पुढे सरकवत नेली. उजेड भिंतीला घासत गेला तसं एकेक अक्षर आपापली सावली घेऊन वर आलं. डावीकडची भिंत, मग उजवीकडची. त्या दोन्ही भिंती भरून लिहिलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि पहिल्या फेरीत मी त्याच भिंतीला पाठ टेकून उभा होतो हे आठवून वाईट वाटलं.

तो लेख सातवाहनांच्या काळातला, साधारण २,००० वर्षांपूर्वीचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना, म्हणजे दिशांच्या रक्षकांना, नमन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची यादी येते: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. मध्येच राणीचं वर्णन येतं, की ती महिना महिना उपवास करणारी, घरातच तापसीसारखी राहणारी आहे. मास्तरांनी हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा आम्ही चौघं काही वेळ बोललोच नाही.

दक्षिणेचे आकडे अक्षरांत न लिहिता अंकचिन्हांत कोरलेत. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते, आणि ती चिन्हं ओळखून दाखवली ती एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. एकाला एक आडवी रेघ, दोनाला एकाखाली एक दोन आडव्या रेघा. घरून निघताना कागदावर काढून दाखवा आणि तिथं शोधायला लावा. मात्र भिंतीला बोट लावू देऊ नका. लेख आधीच ठिकठिकाणी झिजलाय, आणि आपल्या लोकांनी त्यावर नावं कोरून उरलेलं नुकसान करून ठेवलंय. खडू किंवा पाणी लावून अक्षरं उठवून दाखवणारा कुणी भेटला तर त्याला तिथंच थांबवा.

मग मागची भिंत. तिथं एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमांची रांग होती. वर नावं कोरलेली: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच आपली नागनिका) आणि राजा सातकर्णी, कुमार, आणि एक 'महारठी', म्हणजे मोठा सरदार, राणीच्या माहेरचा. आता उरलीत ती फक्त पावलं. कुणी दाखवली नाहीत तर ती नजरेला पडत नाहीत. माझं ऐकाल तर सगळ्या सहलीतला सर्वांत जास्त वेळ या भिंतीपुढे द्या. ज्यांचं राज्य पैठणपासून या घाटापर्यंत होतं, त्या माणसांना समोर उभं करायचा प्रयत्न इथे झाला होता.

आता गाईड शोधायचा कसा. दोन प्रकारची माणसं मिळतात. घाटघरमधली गावकरी मंडळी रान, पाणी, वाटा, हवा यात पक्की. जीवधनला जायचं तर यांच्याशिवाय जाऊ नका. दुसरी म्हणजे लेणी आणि शिलालेखांचा नाद असलेली अभ्यासू माणसं. पुण्या-मुंबईतले काही गट थंडीत अभ्याससहली काढतात, जुन्नरमध्येही अशी माणसं आहेत. दोन्ही गुण एका माणसात सापडले तर उत्तम, नाहीतर दोघांनाही बोलवा, मानधन द्या आणि घासाघीस करू नका. फोनवर बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: "लेखात काय लिहिलंय?" लेण्याजवळच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, ही गोष्ट सगळेच सांगतात आणि सांगावी, ऐकायला छान आहे. पण भिंतीवरचा लेख म्हणजेच जकातीचे दर असं जो ठोकून देतो, त्यानं तो कधी वाचलेला नसतो. यज्ञ आणि दान हे दोन शब्द त्याच्या तोंडून आले की पुढचं बोला. सोबत वयस्कर माणसं आहेत, लेण्यात तास-दीड तास बसायचंय, हेही आधीच सांगून ठेवा. आत तिन्ही बाजूंनी दगडी बाक आहेत, आई-बाबांना निवांत बसून ऐकता येईल.

बेत असा करा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, आई-बाबांना ऊन चढायच्या आत चढवा, घाई नको. बहुतेक लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरतात; गणपती ज्यात आहे ते मुळात बौद्ध विहाराचं, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचं लेणं आहे आणि शेजारी चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं आहे, तेही बघा. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांची नावं आहेत. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. त्यामुळे आधी जुन्नर आणि मग घाट, हा क्रम मला बरा वाटतो. बाजारपेठ आधी पाहिली की तिच्याकडे येणारी वाट नीट कळते. एक सावधगिरी: इकडच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर मारून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको.

मुक्काम जुन्नरला. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा, घाटघरला जाताना पूर गावचं कुकडेश्वराचं जुनं मंदिर लागतं, कुकडी नदी तिथूनच निघते. अर्धा तास थांबा, चहा तिथंच घ्या. घाटमाथ्यावर पोचलात की आधी नानाचा अंगठा. कड्याच्या टोकावरून खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं, पण वारा भणाणता असतो, मुलीचा हात सोडू नका. मग खिंडीत उतरून लेणं. त्याच्याही खाली वैशाखऱ्याकडे उतरणाऱ्या जुन्या फरसबंदी वाटेवर दोनेकशे पावलं जाऊन या. दगड गुळगुळीत झालेत, आई-बाबांना काठी द्या. मुरबाडच्या बाजूनं, वैशाखऱ्याहून चढून येण्यातली मजा वेगळी आहे, त्यात दोन-अडीच तास जातात. ती तुमची तुम्ही पुढच्या खेपेला करा.

जीवधनबद्दल स्पष्टच सांगतो, आई-बाबांना नेऊ नका. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून तिथल्या पायऱ्या उडवल्या. आता दोन्ही वाटांवर कातळटप्पे आहेत आणि तिथं हातापायांवर भरवसा लागतो. गडावर धान्यकोठी आहे, कल्याण दरवाजा आहे, समोर वानरलिंगीचा सुळका उभा आहे, बघण्यासारखं खूप आहे. निजामशाहीच्या पडत्या काळात शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या लहानग्या मुर्तझाला याच गडावरच्या कैदेतून सोडवून पेमगिरी किल्ल्यावर नेलं. जायचंच तर तुम्ही एकटे गावातला माणूस घेऊन पहाटे निघा आणि बाकीच्यांनी घाटघरला थांबावं. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी, ठेचा गरम मिळतो. एकाच दिवसात घाट आणि गड दोन्ही उरकायला गेलात तर लेण्यात घड्याळाकडे बघत बसाल. मी तुमच्या जागी असतो तर या खेपेला जीवधन सोडला असता.

डिसेंबर निवडलात ते फार चांगलं केलंत. पावसाळ्यात लोक उलटा धबधबा बघायला येतात, वाऱ्यानं पाणी वर उडतं ते खरंच बघण्यासारखं असतं. पण गर्दी, निसरडं आणि धुकं यात लेखाची भेट होत नाही, शिवाय कित्येकदा प्रशासनाचा बंदी आदेशही असतो. थंडीतही शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

परतताना अंधाराच्या आत जुन्नर गाठा. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, मुलीला घेऊन संध्याकाळी रस्त्याकडेला गाडी थांबवून उतरू नका. घाटघरकडे फोनच्या रेंजचा भरवसा नाही, तेव्हा गाईडला भेटायची जागा आणि वेळ जुन्नरमधून निघतानाच पक्की करा. पाणी सोबत भरपूर घ्या. आणि टॉर्च विसरू नका. मोबाईलची चालेल, पण हातात मावणारी एखादी बारीक झोताची असली तर अक्षरं जास्त ठसठशीत उठतात.