मुशीचं तेल कॅन्सरवर चालतं का?

प्रश्न : वडिलांना खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कॅन्सर झाला. वजन ५० किलो. शेक (रेडिएशन) चालू आहे आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. रत्नागिरीच्या मावशीने मुशीच्या (शार्क माशाच्या) लिव्हरचं तेल पाठवलंय, रोज दोन चमचे द्या म्हणते. देऊ का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तूर्त बाटली बंदच ठेवा, आणि ती घरात आहे हे पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना सांगा.

मावशींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १९५०च्या दशकात स्वीडनच्या डॉ. अ‍ॅस्ट्रिड ब्रोहल्ट यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना वासराची अस्थिमज्जा दिली, पांढऱ्या पेशी सुधारल्या. कारण शोधताना अल्किलग्लिसरॉल हे स्निग्ध पदार्थ पुढे आले. ते मुशीच्या लिव्हरमध्ये भरपूर असतात, आईच्या दुधातही थोडे असतात. उंदरांमध्ये त्यांनी गाठींची वाढ मंदावली. पण माणसाचा कॅन्सर त्यांनी बरा होतो, असा ठोस पुरावा नाही.

तुमच्या घरी खरी भीती घोटाची आहे. शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, लाळ चिकट होते, गिळताना घोट चुकतो. पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. तेल मात्र खोकला न उठवता फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथेच साचतं. त्याने होणाऱ्या न्यूमोनियावर अँटिबायोटिक चालत नाही, कारण मूळ दुखणं जंतूंचं नसून तेलाचं असतं. जेवल्यावर आवाज घोगरा-ओला येत असेल किंवा बारीक ताप रेंगाळत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी अडचण सिस्प्लॅटिनची. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की माशाच्या तेलातलं एक विशिष्ट फॅटी अ‍ॅसिड उंदरांमध्ये या औषधाचा असर कमी करतं. निरोगी माणसांना १० मिली, म्हणजे मावशी सांगतात तेवढंच, तेल दिल्यावर त्यांच्या रक्तातही ते वाढलं. केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचं तेल टाळा, असा त्यांचा सल्ला आहे. केमो दर आठवड्याला असताना असे दिवस मोजत बसण्यापेक्षा तेल नकोच.

त्याऐवजी वजन सांभाळा. ५० किलोला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. घरोघरी चूक एकच होते : पेशंटला वरणावरचं पाणी पाजतात, त्यात प्रथिनं नावालाच. घट्ट वरण मिक्सरमधून काढा, मऊ खिचडीत तूप आणि अंडं कालवा. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम. तिखट आणि आंबट बंद. गिळणं फारच अवघड झालं तर नाकातून नळी घालायला घाबरू नका.

प्रश्न : मी विडी ओढतो. कॅन्सर होऊ नये म्हणून कॉड लिव्हर ऑइल घेऊ का?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : नको. अमेरिकेत २५,८७१ जणांवर पाच वर्षं चाचणी झाली, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ने कॅन्सर कमी झाला नाही. शिवाय कॉडच्या एका चमच्यात साधारण १,३५० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व असतं, मोठ्यांची दिवसाची कमाल मर्यादा ३,०००. बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसची विडी-सिगारेटवाल्यांवरची चाचणी १९९६ मध्ये अर्ध्यात थांबवावी लागली, कारण फुप्फुसाचे कॅन्सर वाढले. विडी सोडायला मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइन १८००-११२-३५६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.