एका कंपनीचा वॉर्म पिंक शेड दुसऱ्या कंपनीच्या रंगात हुबेहूब मिळेल का?

शेडचा कोड, म्हणजे शेड नंबर, देऊन जवळचा रंग मिळतो, पण तोच मिळत नाही. आणि तुम्ही लिहिलंय की हॉलच्या तीन भिंती आहेत तशाच ठेवायच्या आहेत, ओल आली ती एकच भिंत खरवडून नव्याने करायची आहे, चार वर्षांपूर्वीचा रंग एशियन पेंट्सचा होता आणि आता पेंटर बर्जरचा आणू म्हणतोय. म्हणजे जुना आणि नवा रंग कोपऱ्यात एकमेकांना चिकटून दिसणार, तिथे जवळचा रंग चालत नाही, लगेच डोळ्यात येतो. त्यामुळे कोड घरी ठेवा आणि भिंतीचा तुकडा घेऊन दुकानात जा.

आमचं साताऱ्याला रंगाचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आणि गेली अकरा वर्षं टिंटिंग मशीनवर, म्हणजे रंग मिसळून शेड बनवणाऱ्या मशीनवर, मीच बसते. गुलाबी मॅच करायला आलं की मी अजूनही जास्त वेळ मागून घेते, कारण निळ्या-करड्यात थोडा फरक खपून जातो, गुलाबीत खपत नाही.

आधी कोडचं सांगते. शेड नंबर हा त्या कंपनीच्या मशीनला दिलेल्या रेसिपीचा नंबर असतो, एवढंच. अमुक बेस, म्हणजे डब्यातला मूळ रंग, घे आणि त्यात अमुक कलरंट, म्हणजे घट्ट रंगद्रव्य, इतके मिली सोड. दुसऱ्या कंपनीचा पांढरा बेस वेगळा असतो, त्यात पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड कमी-जास्त असतं, तिचा लाल कलरंट वेगळ्या पिगमेंटचा, म्हणजे रंग देणाऱ्या पावडरीचा, असतो, ताकद वेगळी असते. बऱ्याच दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपन्यांचे शेड पण भरलेले असतात, नंबर टाकला की फॉर्म्युला येतो, आणि तो चुकीचा असतो असं नाही, पण तो नव्या कोऱ्या शेड कार्डाशी जुळवलेला असतो. तुमची भिंत चार वर्षांची आहे. तिने ऊन खाल्लंय, धूळ, धूर, उदबत्ती सगळं घेतलंय. म्हणून तर अगदी त्याच कंपनीचा तोच कोड आणला तरी कोपऱ्यात थोडा फरक दिसू शकतो.

आता गुलाबीतच एवढा त्रास का. फिकट गुलाबी म्हणजे जवळजवळ सगळा पांढराच, एका लिटरमध्ये कलरंट मोजकेच मिली पडतात, त्यामुळे अर्धा मिली इकडचा तिकडे झाला तरी शेड पलटतो. आणि वॉर्म की कूल हे त्या मोजक्या मिलीत पिवळा किती आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात याला किती छान शब्द आहेत बघा, अबोली, गाजरी हे वॉर्म, कारण त्यात पिवळ्याची झाक आहे, आणि गुलबक्षी, राणी हे कूल, कारण ते जांभळ्याकडे झुकतात. मी गिऱ्हाइकाला पिंक कुठला असं विचारतच नाही, अबोलीकडचा की राणीकडचा असं विचारते, काकू लोक क्षणात सांगतात. कोकणात-गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम असतं ना, ती काव म्हणजे लोहाचा तांबडा, तो चुन्यात थोडासा मिसळला की जो गुलाबी येतो तो अस्सल वॉर्म पिंक. मशीनमध्ये पण वॉर्म पिंक बहुतेक वेळा रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइडवरच उभा असतो, कूल पिंकला मॅजेंटा किंवा व्हायोलेट लागतो. ऑक्साइड उन्हाला चांगले टिकतात, हा वॉर्म पिंकचा एक मोठा फायदा.

आणि इथेच ती मेख आहे. समजा जुना गुलाबी रेड ऑक्साइडने बनलाय आणि नव्या कंपनीच्या फॉर्म्युल्यात तोच दिसणारा गुलाबी दुसऱ्या लालने आणि थोड्या पिवळ्याने बनवलाय, तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही एकसारखे दिसतील आणि घरी गेल्यावर वेगळे. याला मेटामेरिझम म्हणतात. एक ताई शाळेत शिकवतात, त्यांच्या बेडरूमचा अबोली मी असाच कोडवरून काढून दिला होता, काउंटरवर कार्डाला लावून दाखवला, आम्ही दोघी खूश. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, की सकाळी ठीक दिसतो पण चार वाजता पश्चिमेचं ऊन आलं की नवी भिंत जांभळट वाटते. मी स्वतः जाऊन बघितलं आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. चूक माझी होती, मी एकाच लाइटखाली बघून डबा दिला होता. तेव्हापासून मी गुलाबीचा डबा तुकडा दारात नेऊन उन्हात बघितल्याशिवाय देत नाही. तुम्ही पण घरात कुठला बल्ब आहे ते बघा, साधा पांढरा एलईडी ६५०० केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), त्यात वॉर्म पिंक थोडा मळकट दिसतो, आणि ३००० च्या पिवळ्या लाइटमध्ये तोच पीच दिसायला लागतो.

तुकडा कसा काढायचा ते नीट वाचा, कारण निम्मं काम तिथेच होतं. ज्या भिंतीला नवी भिंत लागून आहे, तिच्यावरूनच काढा, शक्यतो त्याच कोपऱ्याजवळून, पडद्यामागे लपेल अशा जागी. बरेच जण स्विचबोर्डच्या प्लेटमागून काढतात, पण तिथे ऊन पोचलेलंच नसतं, तिथला रंग चार वर्षांपूर्वीचा आहे आणि तुम्हाला आजचा हवाय. जागा आधी ओल्या फडक्याने हलकेच पुसून वाळू द्या, मग कटरने चौकोन आखून पापुद्रा उचला, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा आणि सपाट निघाला पाहिजे, मागे पुट्टी आली तरी चालते. मोबाईलवर फोटो काढून नेऊ नका, कॅमेरा गुलाबीला हमखास स्वतःच्या मनाने बदलतो.

दुकान निवडताना कलर स्कॅनर आहे का ते विचारा, स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात त्याला. तुकड्यावर तीन-चार वेळा रीडिंग घ्यायला सांगा. स्कॅनरने काढलेला फॉर्म्युला ही सुरुवात समजा. एकच लिटर बनवून घ्या, जाड पुठ्ठ्यावर प्रायमर लावून दोन कोट मारा आणि पूर्ण वाळू द्या, ओला इमल्शन, म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग, फिकट दिसतो, वाळल्यावर गडद होतो, ओल्यावर निर्णय घेतला की फसलंच. मग तो पुठ्ठा जुन्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री लाइटमध्ये बघा. जांभळट वाटला तर यलो ऑक्साइड थोडा वाढवायचा, फार केशरी वाटला तर लाल, आणि फार झगझगीत वाटला तर काळ्याचा अगदी थेंब, कारण काळा गुलाबीला फार लवकर मारतो. हे दुकानातच मशीनवर करून घ्या. पेंटर साइटवर स्टेनरची, म्हणजे घट्ट रंगाची, बाटली हलवून अंदाजाने टाकतात तसं करू देऊ नका, कारण दुसरा डबा लागला तर तोच अंदाज परत येत नाही.

फिनिश पण तोच घ्या हं, हे लोक विसरतातच. जुना मॅट, म्हणजे बिनचमकीचा, असेल तर मॅट, शीनवाला, म्हणजे हलक्या चमकीचा, असेल तर शीनवाला. एकच फॉर्म्युला मॅटमध्ये फिकट, पिठूळ वाटतो आणि शीनमध्ये गडद. पेंटर म्हणेल कळत नाही, बाजूने उजेड आला की कळतं.

जुना रंग ड्युलक्सचा असता तर थोडी सोय होती, त्यांचा कोड बोलतो. म्हणजे समजा ३० वायआर ६४/१०७ असं काही लिहिलंय तर वायआर म्हणजे पिवळा-लाल या पट्ट्यातला, म्हणजे वॉर्म, मधला ६४ म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो, आणि शेवटचा आकडा रंगाचा जोर. दुसऱ्या कंपनीत शोधताना निदान कुठल्या भागात शोधायचं ते कळतं. एशियनच्या चार आकडी नंबरातून असं काही निघत नाही.

रंग मारताना भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारा, मधेच पॅच कधीच नको, सपाट भिंतीवर अर्धा टक्का फरक पण दिसतो, कोपऱ्यात मात्र दोन्ही भिंतींवर उजेडच वेगळा पडतो त्यामुळे बारीक फरक आपोआप लपतो. दहा बाय दहाच्या भिंतीला दोन कोटांना साधारण दीड लिटर जातो, दोन लिटर एकदमच काढा, आणि दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करा. ओल खरंच वाळली आहे ना याची खात्री करा, ओलसर पुट्टीवर कितीही मॅच केलेला रंग डागाळतोच.

आणि पेंटर बर्जरचा आग्रह का धरतोय ते एकदा विचारा. दोन्ही कंपन्या चांगल्या आहेत, पण एकच भिंत करायची असेल तर मी जुन्याच कंपनीचं, जुनंच प्रॉडक्ट घेऊन तुकड्यावरून मॅच केलं असतं, पिगमेंट तेच राहतात आणि संध्याकाळी रंग फिरायची भीती बरीच कमी होते. माळ्यावर जुना डबा असेल तर झाकण बघा, मशीनवर काढलेला असेल तर त्यावर स्टिकर असतो, शेड नंबर आणि बेस लिहिलेला, कधी कधी कलरंटचे आकडे पण. तो सापडला तर इथे लिहा, मी सांगते त्यात पिवळा किती आहे ते.