‘मला पुन्हा पुन्हा तशीच माणसं भेटतात, हे माझं पूर्वकर्म आहे का?’

तुम्ही लिहिलंय की आधी बहिणीशी, मग जिवलग मैत्रिणीशी आणि आता नवऱ्याशी, सगळ्यांशी तुमचं एकाच वळणावर येऊन बिनसतं. तुम्ही जीव तोडून करता आणि समोरच्याला त्याची किंमत नसते. एका ज्योतिषी बाईंनी सांगितलं की हे मागच्या जन्मीचं देणं आहे, शांती केल्याशिवाय फिटायचं नाही, खर्च 21 हजार. म्हणून तुम्ही विचारताय, कर्माचा नात्यांवर खरंच परिणाम होतो का आणि त्यातून माणूस सुधारतो का.

होतो, असं मला वाटतं. पण त्या बाई सांगतात त्या वाटेने नाही. मी काही शास्त्रीबुवा नाही. पुण्यात एका पतसंस्थेत तीस वर्षं जमा-नावे लिहिलं आणि निवृत्त झालो. ‘जीव तोडून करते आणि किंमत नसते’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी सहा वर्षं घोकत होतो.

आमचे तात्या 2004 च्या पावसाळ्यात अर्धांगाने अंथरुणाला खिळले. मी पुण्यात, धाकटा भाऊ वाईजवळ गावी शेती बघायचा. दर महिन्याच्या सात तारखेला मी मनीऑर्डर करायचो. एकही महिना चुकला नाही. पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. कशासाठी, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तिकडे धाकटा आणि त्याची बायको तात्यांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. भरवणं, पुसणं, रात्री-अपरात्री चादर बदलणं. चार वर्षं. मी जायचो दिवाळीला आणि गावच्या यात्रेला, येताना पेढे घेऊन.

2008 मध्ये तात्या गेले. तेरावं झालं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून विषय निघाला. बोलता बोलता मी म्हणालो, ‘औषधपाण्याचा सगळा खर्च मीच केलाय.’ आकडा तोंडपाठ होता, तोही सांगितला. धाकटा ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, ‘दादा, पैसं तू धाडलंस. कूस मी बदलली.’

त्यानंतर बोलणं बंद. आई दोघांच्या मध्ये. ती म्हणायची, ‘गेल्या जन्मीचं वैर हाय तुमचं. माझ्या पोटी येऊन फेडताय.’ बिचारी स्वतःची समजूत घालत होती. पण त्या वाक्याने आमची सगळ्यांची मोठी सोय झाली. वैर गेल्या जन्मीचं म्हटल्यावर या जन्मात कुणी उठून एसटी पकडायची गरजच उरली नाही.

इथे जरा शास्त्राकडे वळतो, कारण ‘कर्म’ म्हणताना आपण बहुतेक वेळा त्याचा एकच तुकडा धरून बसतो. वेदान्तात कर्माचे तीन भाग सांगतात: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. नेहमीचा दृष्टांत धनुष्यबाणाचा. भात्यातले बाण म्हणजे संचित, आजवर साठलेलं कर्म; सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, ज्याचं फळ सुरू झालंय ते; आणि हातात धरलेला, अजून न सोडलेला बाण म्हणजे क्रियमाण, आत्ता करतोय ते. सुटलेला बाण परत घेता येत नाही, इतकंच प्रारब्धाबद्दल म्हणणं आहे. आपल्या घरांत मात्र बोलणं कायम त्या सुटलेल्या बाणाचंच. ‘भोग आहेत’, ‘सटवाईने लिहिलंय’, ‘कर्म माझं!’ हातातल्या बाणाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गीतेच्या त्या श्लोकाचंही तसंच. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ हे रिक्षाच्या मागेसुद्धा लिहिलेलं असतं. त्याच श्लोकाचा शेवटचा चरण आहे ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, म्हणजे काहीच न करण्याची ओढ तुला लागू नये. नात्यात बिनसल्यावर आपल्याला हीच ओढ लागते आणि तिलाच आपण प्रारब्ध म्हणतो. मी तरी म्हणत होतो.

आता ज्या कारणाने मला ‘पूर्वकर्म’ या शब्दाची चीड आहे ते सांगतो. माझ्या एका आत्याला नवरा मारायचा. माहेरी आली की घरातली जाणती माणसं तिला जेवू घालायची, साडी-चोळी करायची आणि ‘भोग आहे बाई, भोगून संपव’ म्हणून परत पाठवायची. मी शाळकरी होतो, तिची पिशवी धरून स्टँडवर सोडायला जायचो. ती माणसं दुष्ट नव्हती. तिला ठेवून घेतली असती तर खर्च वाढला असता, लोक बोलले असते, धाकट्या आत्यांची लग्नं अडली असती. ‘भोग’ म्हटलं की यातलं काही बोलावं लागत नव्हतं.

डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर थेट टीका आहे. गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राज्यसंस्था आठवली नाही, आत्याची पिशवी आठवली.

बरं, हे आजचं शहाणपण आहे असंही नाही. बौद्धांच्या पाली साहित्यात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची, म्हणजे फिरत्या संन्याशाची, गोष्ट येते. राजगृहाच्या वेळुवनात तो बुद्धांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचं एकत्र बिघडणं, ऋतुबदल, स्वतःची हयगय, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी आठवं कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. म्हणजे आठातलं एक. आणि सगळंच पूर्वकर्म म्हणणारे आपल्याला ठाऊक आहे त्याच्या पुढे जाऊन बोलतात, असंही ते सांगतात. ज्योतिषी बाईंना हे जरूर ऐकवा.

दुसऱ्याच्या दुःखाला माणूस ‘तुझे भोग’ असं का म्हणतो, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1966 साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. एका बाईला चुकीच्या उत्तराला विजेचे झटके बसताहेत असं विद्यार्थिनींना दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिची सुटका करता येईल असं वाटलं त्यांचं तिच्याबद्दलचं मत फारसं बिघडलं नाही. ज्यांना नुसतं बघत बसावं लागलं त्या तिलाच कमी लेखू लागल्या. आपल्या हातून मदत होत नाही हे सोसत नाही, मग ‘तिचंच काहीतरी असणार’ असं मन ठरवून टाकतं. आमच्या माजघरात कुणी प्रयोग मांडला नव्हता, पण निकाल तोच होता.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला: कर्म हा शब्द फक्त ‘मी’ला लावायचा. ‘तुझं कर्म’ म्हणायचं नाही, मनातसुद्धा नाही. स्वतःला लावला की तो कामाचा शब्द आहे. आणि तो काम कसा करतो ते मला मुलाने दाखवलं, त्याच्याही नकळत.

तीन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने रुग्णालयाचं बिल ऑनलाइन भरलं, घरी दिवसपाळीची नर्स लावून दिली, फळं मागवली. प्रत्येक वेळी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. प्रत्येक वेळी! चौथ्या स्क्रीनशॉटला मला तो बिस्किटांचा डबा दिसला. मी त्याला कधी शिकवलं नव्हतं की प्रेम करायचं म्हणजे रक्कम पाठवून पावती जपायची. पण दर सात तारखेला पोस्टाच्या रांगेत तो माझं बोट धरून उभा असायचा. आणि नंतर सहा वर्षं ‘एवढं केलं तरी किंमत नाही’ हे जेवताना ऐकतही होता.

मला समजलेलं कर्म एवढंच आहे. आपण जे पुन्हा पुन्हा करतो त्याचा संस्कार होतो, संस्काराची सवय होते, सवयीची अपेक्षा होते, आणि त्या अपेक्षेच्या मापाने आपण पुढचं माणूस मोजतो. त्यासाठी मागचा जन्म लागत नाही. मागची वीस वर्षं पुरतात. तशी माणसं तुमच्या नशिबात लिहिलेली असतीलही, मला काय माहीत. पण आधी हे बघा की माणूस कोणतंही आलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुम्ही काय करायला लागता. न मागता करत सुटता का? नको असताना ‘हो’ म्हणता का? आणि मग मनात डबा भरत जातो का? तुमच्या प्रश्नात मला तो डबा दिसला, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय. चूक असेन तर सोडून द्या.

भावाचं पुढे काय झालं ते राहिलं. 2014 चा भाद्रपद. आमच्या सोसायटीत शेजारी जैन कुटुंब आहे. संवत्सरीच्या, म्हणजे त्यांच्या क्षमा मागण्याच्या दिवशी, तिथले काका दरवर्षी सगळ्या मजल्यांवर जाऊन हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’, म्हणजे माझ्या हातून काही वाईट झालं असेल तर क्षमा करा, असं म्हणतात. त्या वर्षी मी त्यांना विचारलं, ‘काका, तुम्ही माझं काय वाईट केलंय?’ ते म्हणाले, ‘मला कुठे माहीत? तेच तर आहे.’ मग त्यांनी दारातच उभं राहून समजावलं. त्यांच्याकडे कर्म म्हणजे एक सूक्ष्म द्रव्य, जीवाला येऊन चिकटणारं. क्रोध, मान म्हणजे गर्व, माया म्हणजे कपट, आणि लोभ हे त्याचे डिंक. ते झडण्याला निर्जरा म्हणतात, आणि तिच्यासाठी स्वतःलाच काही करावं लागतं. ‘दुसरा माफ करो ना करो, आपण जाऊन यायचं,’ असं म्हणून ते वरच्या मजल्यावर गेले.

मला त्यातला ‘मान’ बरोबर बोचला. गौरी-गणपतीला गावी गेलो, सहा वर्षांनी. जाताना काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. दारात धाकटा भेटला आणि सगळं विसरलो. म्हणालो, ‘कूस तू बदललीस, ते मला तेव्हा बोलता आलं नाही.’ तो गोठ्याकडे निघून गेला. भावजयीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, ‘दादा, राहणार का?’ राहिलो. रात्री धाकटा जेवताना शेजारी बसला, पण बोलला पावसाबद्दल.

गळ्यात पडून रडणं वगैरे काही झालं नाही. आजही आमच्यात थोडं अंतर आहे आणि विहिरीचा विषय निघाला की दोघंही सावध होतो. पण आईच्या शेवटच्या आजारात मी तीन महिने रजा काढून गावी राहिलो आणि कूस कशी बदलायची ते धाकट्याकडूनच शिकलो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आधी सांगायचं, ‘आई, वळवतोय हं.’ माझी वाढ किंवा सुधारणा म्हणायची तर ती एवढीच झाली. पन्नाशी उलटल्यावर.

मुलाला मी स्क्रीनशॉटबद्दल बोललो. तो आधी चिडला, म्हणाला, ‘बाबा, मग काय नोकरी सोडून येऊ?’ त्याचंही खरं आहे. आता रविवारी फोन करतो आणि पैशांचं काही बोलत नाही. कधी कधी दोघांनाही बोलायला विषय नसतो, तरी फोन चालू ठेवतो.

एक गोष्ट निक्षून सांगतो. तुम्ही नवऱ्याशी ‘बिनसतं’ एवढंच लिहिलंय. त्यात मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणं, घराबाहेर जाऊ न देणं असं काही असेल तर वरचं सगळं आत्मपरीक्षण बाजूला ठेवा. तिथे तुमची सवय शोधायची नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी 181 हा मदतक्रमांक आहे. आत्याच्या वेळी हे नव्हतं.

आणि शांतीचं म्हणाल तर मनाला बरं वाटत असेल तर घरच्या घरी देवापुढे दिवा लावा, ओळखीच्या गुरुजींकडून सत्यनारायण करा, माझी ना नाही. 21 हजार त्या बाईंना देऊ नका. बहिणीकडे जायला तिकिटाचे किती पडतात ते बघा आधी.