स्टेगनोग्राफी: कूट, गूढ की प्रच्छन्न?

प्रश्न असा आहे: 'संगणक-सुरक्षेवरचा मजकूर मराठीत आणताना स्टेगनोग्राफीसाठी कूटलेखन लिहिलं. पण क्रिप्टोग्राफीसाठीही हाच शब्द आढळला. दोन्हींना एकच शब्द चालेल का?'

नाही चालणार. कूटलेखनात, म्हणजे क्रिप्टोग्राफीत, संदेश समोर असतो, अर्थ तेवढा कुलपात. निरर्थक अक्षरांची ओळ हाती लागली की पकडणारा ओळखतो, इथं काहीतरी आहे. स्टेगनोग्राफीत मुळात 'काहीतरी आहे' हेच कळू द्यायचं नसतं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सांगितलेला डेमाराटस गुप्त निरोप धाडण्यासाठी लेखनपाटीवरचं मेण खरवडतो, खालच्या लाकडावर मजकूर लिहितो आणि वरून पुन्हा मेण चढवतो. वाटेतल्या पहारेकऱ्यांना दिसते ती कोरी पाटी. मजकूर सरळ भाषेत आहे, कूट त्यात काहीच नाही.

शब्दाचं कूळ मात्र मोठं मजेदार आहे. ग्रीक 'स्टेगानोस' म्हणजे झाकलेला. संस्कृतातला 'स्थग्' (झाकणे) हा धातू त्याचा नातलग मानला जातो. 'स्थगित'चा मूळ अर्थ झाकलेलं असाच होता. लबाड या अर्थाचा 'स्थग'ही संस्कृतात आहे, आणि त्यावरून आपला 'ठग' आला. म्हणजे ठग आणि स्टेगनोग्राफी एकाच घरातले! पण या हौसेपोटी 'स्थगितलेखन' लिहाल, तर वाचकाला वाटेल की लेखकानं लिहिणं पुढं ढकललं.

'गूढलेखन' व्युत्पत्तीनं अगदी चपखल आहे. गुह् म्हणजे लपवणे. गुहा आणि गुह्य हे शब्द त्यातलेच. हेरांच्या बातम्या बाहेर कशा काढाव्यात हे सांगताना कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गीत, पठण, वाद्यं, भांडी यांच्या जोडीला 'गूढलेख्य' येतं, तर सांकेतिक लिपीसाठी त्याच अध्यायात 'संज्ञालिपी' हा निराळा शब्द आहे. अडचण आजच्या मराठीची आहे. आपल्याकडे गूढ म्हणजे लपलेलं कमी आणि न उकलणारं जास्त. गूढकथा, गूढ हास्य, गूढवाद. त्यामुळे गूढलेखन म्हटलं की मन पुन्हा कूटाकडेच वळतं.

एकेका युक्तीला मात्र मराठीत सुरेख शब्द आहेत. बोटांच्या खुणांनी बोलणं ती करपल्लवी, डोळ्यांच्या खुणांनी ती नेत्रपल्लवी. उत्तर व्हिएतनामच्या कैदेत असलेला अमेरिकी नौदल अधिकारी जेरेमाया डेंटन याला 1966 साली दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं गेलं. तोंडानं तो प्रश्नांची उत्तरं देत होता आणि पापण्यांच्या उघडझापीतून मोर्स लिपीत 'टॉर्चर', म्हणजे छळ, असा शब्द पाठवत होता. ही नेत्रपल्लवीच की!

आणि अंतर्लापिका? तिथं प्रश्नाच्या पोटातच उत्तर दडलेलं असतं. 'कं संजघान कृष्णः?' कृष्णानं कोणाला मारलं? तोडण्याची जागा एक अक्षर पुढं सरकवा: 'कंसं जघान कृष्णः.' कंसाला मारलं. अक्षरं तीच, क्रमही तोच. अंतर्लापिका हेरगिरीसाठी नव्हे, करमणुकीसाठी; पण उघड्यावर लपवण्याचा याहून नेटका नमुना मला तरी माहीत नाही.

तेव्हा माझं मत 'प्रच्छन्नलेखन'ला. छद् म्हणजे झाकणे, म्हणून प्रच्छन्न हा 'स्टेगानोस'चा नेमका जोडीदार. शिवाय प्रच्छन्न टीका, प्रच्छन्न हेतू असं आपण म्हणतोच, आणि तिथं दुर्बोधतेचा वास येत नाही. जोडाक्षर बोजड आहे, ते मान्य.

क्रियापदासाठी मात्र संस्कृतात शिरूच नका. डिजिटल चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला सहसा 0 ते 255 यांपैकी एक आकडा असतो. लाल 200 चा 201 झाला तर डोळ्याला पत्ता लागत नाही, आणि असे शेवटचे बिट (आकड्याच्या 0-1 रूपातले शेवटचे अंक) बदलत पत्रच्या पत्र आत बसवता येतं. इथं 'चित्रात संदेश प्रच्छन्न केला' लिहिण्यापेक्षा 'चित्रात संदेश दडवला' लिहा. दडवण्याआधी तो कुलूपबंदही केला असेल, तर 'संदेश कूटबद्ध करून चित्रात दडवला' असं लिहावं.