एमआरआयवर दिसतंय तर डॉक्टर ठाम नाव का सांगत नाहीत?

ताई, तुमच्या मुलाच्या मेंदूतल्या गाठीच्या एमआरआय रिपोर्टमध्ये "मेड्युलोब्लास्टोमाची शक्यता जास्त, एपेंडिमोमा नाकारता येत नाही" असं दोन वेगळ्या गाठींचं नाव लिहिलंय म्हणून तुम्ही विचारलंत की डॉक्टर गोलमोल बोलतायत का. अजिबात नाही. मी बरीच वर्षं मुलांचे स्कॅन वाचतोय, मीसुद्धा असंच लिहिलं असतं.

लहान मेंदूच्या भागात मुलांना होणाऱ्या गाठी मुख्यतः तीन, मेड्युलोब्लास्टोमा, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि एपेंडिमोमा. नुसतं कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन बघितलं तर यांच्यात गोंधळ होतो, खरा उपयोग होतो डिफ्युजन नावाच्या एमआरआयच्याच एका प्रकाराचा. त्यात पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते मोजतात. मेड्युलोब्लास्टोमात पेशी इतक्या खेटून बसलेल्या असतात की पाण्याला हलायलाच जागा नसते, म्हणून एडीसी नावाचा आकडा खाली येतो, ढोबळमानाने 0.9 च्या खाली. पायलोसायटिकमध्ये पेशी विरळ, आकडा 1.4 च्या वर, शिवाय पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला चमकणारा गोळा असं चित्र बरेचदा दिसतं. एपेंडिमोमा मधे कुठेतरी, आणि तो चौथ्या व्हेंट्रिकलच्या (लहान मेंदूसमोरच्या पाण्याच्या पोकळीच्या) बाजूच्या छिद्रांतून ट्यूबमधून पेस्ट निघावी तसा बाहेर सरकतो. आता आकडा मधलाच आला की आम्ही दोन नावं लिहितो, दुसरं काय करणार! त्यात मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर एटीआरटी नावाचा आणखी एक ट्यूमर पण डोक्यात ठेवावा लागतो कारण तो हुबेहूब मेड्युलोब्लास्टोमासारखा दिसतो.

आणि समजा नाव बरोबर निघालं तरी काम संपत नाही. मेड्युलोब्लास्टोमाचेच चार मुख्य गट आहेत, डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप 3 आणि ग्रुप 4 (एसएचएच म्हणजे सॉनिक हेजहॉग, हो, तोच व्हिडिओ गेमवाला, जीनला खरंच ते नाव दिलंय). गाठ बाजूच्या गोलार्धात असेल तर एसएचएचचा संशय येतो, मधोमध असून कॉन्ट्रास्ट फारसा घेत नसेल तर ग्रुप 4 चा. पण हा अंदाजच. 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात मॉलिक्युलर तपासणीला (गाठीतल्या जीन्सच्या तपासणीला) वजन आहे आणि पुढची ट्रीटमेंट बरीचशी त्यावर ठरते, ती तपासणी गाठीचा तुकडा हातात आल्याशिवाय होत नाही. आजकाल एआयचे प्रोग्राम स्कॅनवरून गट ओळखायचा प्रयत्न करतायत, चांगलंय, पण मशीन बदललं की त्यांचा अंदाज घसरू शकतो, त्यामुळे पॅथॉलॉजीच्या (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या) जागी मी तरी त्यांना बसवणार नाही.

मग ऑपरेशनआधीच्या अंदाजाचा फायदा काय? सर्जनला कुठून शिरायचं, गाठ कशाला चिकटलेली असू शकते, रक्त किती लागेल याची तयारी करता येते.

एक गोष्ट मात्र आजच, ऑपरेशनआधी विचारा, मणक्याचा एमआरआय कॉन्ट्रास्टसकट झालाय का. मेड्युलोब्लास्टोमा मणक्यात पसरलेला असू शकतो, आणि ऑपरेशननंतर खाली उतरलेलं रक्त स्कॅनवर पसरल्यासारखंच दिसतं, मग साधारण दोन आठवडे थांबून परत स्कॅन. मूल लहान असेल तर परत भूलही आली. डोक्यात पाणी वाढून मुलाची तब्येत ढासळत असेल तर मात्र मणक्याच्या स्कॅनसाठी थांबू नका, आधी सर्जन म्हणतील ते. आणि रिपोर्टच्या कागदासोबत स्कॅनची सीडीही मागून घ्या, दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसत्या कागदावरून एडीसी मोजता येत नाही.