थाळी पुढं सरकवू नकोस

सलाम बाळा,

परवाच्या रविवारी तू माझ्या पुढच्याच बाकावर होतास. चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीची थाळी तुझ्यापर्यंत आली, तू ती दोन्ही हातांनी धरलीस, जरा वेळ बघितलंस आणि भाकर न घेता शेजारच्या काकूंकडे सरकवलीस, मागनं द्राक्षरसाचे पेले आले तेही तसेच. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं तुला वाटलं असेल. मला दिसलं, कारण अगदी तसंच मी नऊ वर्षं सरकवलंय. बाहेर गाड्या लावतात तिथं तुला गाठून विचारलं तर म्हणालास, काका मी लायक नाही, दर महिन्याला ठरवतो आणि दर महिन्याला मोडतो, आधी स्वतःला नीट करतो मग घेतो. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, पण ते "मग घेतो" काही डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलोय. काय मोडलंस ते तू मला सांगितलंस, ते इथं लिहीत नाही.

देव तुझ्यावर प्रेम करतो वगैरे संडेस्कूलपासून तुला पाठ आहे, ते परत सांगत नाही. मला दुसरंच सांगायचंय.

माझी आई बिड्या वळायची. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की ती माझ्याशी बोलता बोलता बिडी वळून, तोंड मुडपून, दोरा बांधून बाजूला टाकायची, तिकडं बघायची पण नाही. मग तो सगळा माल कारखान्यात नेऊन द्यायचा. मी सोबत जायचो, पिशवी धरायला. तिथं चेकर मूठभर बिड्या उचलायचा, दाबून बघायचा, आणि ज्या पटायच्या नाहीत त्या बाजूला फेकायचा. छाट. छाटीची मजुरी नाही. मी त्याच्या हाताकडं नाही, आईच्या तोंडाकडं बघत असायचो. मोजून दिवसभर वळायचं आणि त्यातलं किती धरायचं ते त्यानं ठरवायचं, हे मी इतक्या लहानपणी बघितलं की देव म्हणलं की मला तोच दिसायला लागला, टेबलामागं बसलेला, माझा आठवडा मुठीत धरून दाबून बघणारा. प्रार्थना किती, उपास किती, किती वेळा खोटं बोललो. आणि बहुतेक सगळी छाटच.

तुझंही तेच चाललंय. तू म्हणतोस तुला पापाची जाणीव आहे. असेल. पण त्याच्याखाली मजुरीचा हिशोब आहे बघ.

गंमत म्हणजे आईला तसं कधीच वाटलं नाही, जिचा माल खरंच फेकला जायचा तिला. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी धुतलेलं लुगडं नेसून यायची, बोटांना चिरा, नखात तंबाखूचा काळपटपणा, तो साबणानंही जायचा नाही, आणि त्याच बोटांनी भाकरीचा तुकडा उचलायची. मी थाळी सरकवली की हळूच कोपर मारायची, "घे की रं. तुझी कमाई हाय का ती?"

तुझी कमाई आहे का ती? बाळा, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. कमाई असती तर लायक-नालायक बघितलं असतं. कमाई नाहीच तर नाकारायचा हक्क तुला कुठनं आला?

मी का घेत नव्हतो ते सांगतो. धाकट्या भावाशी राहत्या खोलीवरनं वाजलं होतं, बोलणं बंद. आणि मला वचन तोंडपाठ, वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. बायबलात मत्तय पाचवा अध्याय. मी ते वचन ढालीसारखं वापरलं. अर्पण ठेवलं, थाळी सरकवली, पण समेट करायला काही गेलो नाही! नऊ वर्षं. लोकांना वाटायचं काय प्रामाणिक माणूस आहे, आणि मलाही तसंच वाटायचं. शेवटच्या वर्षी आईला बसवायचं नाही म्हणून पाळकसाहेब घरी आले होते प्रभुभोजन द्यायला. खाटेवर ती, शेजारी मी. त्यांनी माझ्यापुढं धरलं आणि मी मान हलवली. आईनं त्या दिवशी कोपर मारलं नाही, हात उचलत नव्हता. नुसतं बघितलं. ती गेली, आणि तिच्यासोबत एकदाही न घेतलेले ते सगळे रविवार माझ्याकडं राहिले. ह्याच्यावर मला कुणी सांत्वन दिलेलं चालत नाही, तूही देऊ नकोस.

माती झाल्यावरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी घेतलं. काही नीट झालेलं नव्हतं, भाऊ माझ्याशी बोलत नव्हता, मी रागानं भरलेलो होतो, तसाच घेतलं. आणि त्याच आठवड्यात पुण्याची गाडी पकडून भावाच्या दारात उभा राहिलो. त्यानं चहा दिला, खोलीचा विषय निघाला नाही, आजही पूर्ण सुटलेला नाही. पण पाय उचलला तो घेतल्यानंतर उचलला, आधी नऊ वर्षं उचलला नव्हता. बायबलातल्या जक्कयाचं बघ, लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू आधी म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचंय, आणि मग तो उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट परत. त्याला आधी हिशोब चुकता करून ये असं कुणी सांगितलं नाही. तू क्रम उलटा धरून बसलायस.

तू प्रेषित पौलाचं वचन काढशील हे मला माहीत आहे, अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो. करिंथकरांना पहिलं पत्र, अकरावा अध्याय, पूर्ण वाच, मधलंच एक उचलू नकोस. करिंथच्या मंडळीत भांडण कशावरनं होतं? पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्या वागण्याला तो अयोग्य म्हणतोय. आणि पुढं काय लिहिलंय, माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं. करावी आणि उठून जावं असं नाही लिहिलेलं. खावं लिहिलंय!

आता रोजचं. तू रविवारचा प्रश्न घेऊन आलास पण तुझं खरं दुखणं सोमवार ते शनिवार आहे. आपण सोलापूरची माणसं, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला, मग टाकी, बॅरल, घागरी, तांबेसुद्धा भरून ठेवायचे. उजनी धरण भरून वाहिलं तरी आपल्या घरात बॅरल असतोच. ही सवय अंगात इतकी मुरलीय की कृपेलाही, म्हणजे देव फुकट देतो त्यालाही, आपण बॅरल लावतो. उपवास-प्रार्थनेत, कन्व्हेन्शनमध्ये एकदम भरून घ्यायचं आणि महिनाभर पुरवायचं. पुरत नाही, आणि मग तू म्हणतोस मी मोडलं. अरे इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे आकाशातनं पडलेलं अन्न, मिळालं ते कसं मिळालं? रोज सकाळी, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठराविक माप, आणि ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले, वास सुटला. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचा, तेवढा अपवाद. चाळीस वर्षं रोज सकाळी उठून वाकायचं. आणि प्रभूनं शिकवलं ते पण रोजची भाकर आज दे, महिन्याची दे नाही शिकवलं. तू दर पहिल्या तारखेला महिन्याभराचा शब्द देतोस, कुणी मागितलाय तुझ्याकडं महिना? आजचं माग. उठलास की मोबाईल हातात घ्यायच्या आधी, काहीही चांगलं केलेलं नसताना, वाईटही काही केलेलं नसताना, हात उघडे ठेवून बस आणि म्हण आजचं दे. काल रात्री पडला असलास तरी. काल रात्री पडला असलास तर जास्तच.

आणि माणसांकडनंही घ्यायला शीक. हे मी जरा रागानं लिहितोय. तुझ्या परीक्षेच्या फीसाठी आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरानं पैशाचं पाकीट दिलं ते तू परत केलंस, मला कळलंय. स्वाभिमान म्हणून केलंस. आपल्याकडं शेजारनं शेंगाचटणीची वाटी आली तर ती रिकामी परत पाठवत नाहीत, चांगली रीत आहे, मी पण पाळतो. पण देवाची वाटी तू कशानं भरून पाठवणार आहेस? ती रिकामीच जाणार. ती रिकामी पाठवायची सवय माणसांपासनं लागते, एखाद्यानं दिलेलं नुसतं थँक्यू म्हणून ठेवून घेणं, परतफेडीचा विचार न करता, करून बघ, किती जड जातं ते कळेल. ज्याला पाकीट घेता येत नाही त्याला भाकर कशी घेता येईल? तुझी कमाई होती का ती?

मंडळीत काहीजण म्हणतात मी पोरांना बिघडवतो, कृपा स्वस्त करतो. ह्याच कारणावरनं मी कमिटी सोडली, तुला वेगळं काही सांगितलं असेल तर ते खरं नाही. मी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यांच्याइतकाच वाचलाय, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, कधीच नाही. पण पौलानं तीताला लिहिलेल्या पत्रात आहे की कृपाच आपल्याला अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. कृपा शिकवते. शिकवणी लावायच्या आधी पास होऊन ये म्हणणारे ते, मी नाही. मी माझ्या म्हणण्यावर आजही आहे. नऊ वर्षं कडक राहून मी काय झालो ते मी बघितलंय आणि माझ्या आईनंही बघितलंय.

पंडिता रमाबाईंचं आठव. पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं ना, तिथलं मुक्ती मिशन त्यांचं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, 1889 ला शारदा सदन उभं केलं, एवढी विद्या, एवढं काम. आणि त्यांनीच स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या बाईला रिकाम्या हातानं घ्यावं लागलं. तू दोन वर्षं एमपीएससी देणारा पोरगा, तुला कसला संकोच आहे रे?

पाकीट त्या घरी अजून तसंच आहे, मी विचारलंय. जाऊन घेऊन ये. फॉर्मची तारीख तू बघ.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुझ्याशेजारी बसणार आहे. आमच्याकडं त्या दिवशी पहाटे पाणी यायची पाळी पडते, मोटार बंद करून निघेपर्यंत थोडा उशीर होईल, भिंतीकडची जागा धरून ठेव. थाळी आधी माझ्याकडं येईल, मग तुझ्याकडं. कोपर मारायची पाळी आणू नकोस.

तुझा,
काका