लाइटरूममध्ये दोन-तीन कॅटलॉग असतील तर गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लाइटरूम क्लासिकमध्ये (ॲडोबचं फोटो एडिट करायचं आणि लावून ठेवायचं सॉफ्टवेअर) लग्नाच्या ऑर्डरी, घरचे फोटो आणि गणपती असे तीन कॅटलॉग, म्हणजे फोटोंच्या आणि त्यांच्या एडिटच्या नोंदीच्या तीन फाइली, केलेत आणि आता कुठला फोटो कुठे एडिट केला तेच कळत नाही. मी दादरला लग्नाचेच फोटो काढतो, माझे दोन आहेत, कामाचा आणि घरचा, बस. गणपतीला वेगळा कशाला हवा, कीवर्ड आणि कलेक्शन त्यासाठीच तर असतात. एका वेळी एकच कॅटलॉग उघडतो, सर्च पण तेवढ्यातच चालतो, मग लालबागच्या विसर्जनाचा एक फोटो शोधायला तीन ठिकाणी उघडबंद करत बसायचं. आणि फोटो खूप झाले म्हणून कॅटलॉग फोडायची गरज नसते, लाखभर फोटो एकात आरामात राहतात.

खरी भानगड होते ती एकच फोटो दोन कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट झाला की. कॅटलॉग म्हणजे नुसती वही, माल म्हणजे फोटो गोडाऊनमध्येच, डिस्कवर असतो, त्यामुळे एका वहीत केलेलं एडिट दुसरीत दिसत नाही आणि एकीतून फोल्डर हलवलं की दुसरीत त्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. काही लोक सांगतात की एक्सएमपीमध्ये (एडिटची माहिती फोटोच्या फाइलसोबतच डिस्कवर लिहून ठेवायची सोय) ऑटो सेव्ह चालू ठेवा म्हणजे झालं, पण दुसरा कॅटलॉग ते आपोआप वाचत नाही, फोटोवर नुसती खूण येते आणि तिथे घाईत ओव्हरराइट दाबलं की फाइलमधलं पहिलं काम गेलंच समजा, शिवाय कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी (नवी फाइल न बनवता त्याच फोटोचं दुसरं एडिट) एक्सएमपीत जातच नाहीत. म्हणून डिस्कवरच 'काम' आणि 'घर' अशी दोन मोठी फोल्डर करा आणि ज्याचं फोल्डर त्याच कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट, भाचीच्या बारशाचे फोटो कामाच्या कार्डावर आले असले तरी.

चुकीचा कॅटलॉग उघडणं हे सगळ्यात कॉमन, कारण लाइटरूम डिफॉल्टला शेवटचा वापरलेलाच उघडतं. प्रेफरन्सेसमध्ये जनरल टॅबला 'प्रॉम्प्ट मी व्हेन स्टार्टिंग लाइटरूम' निवडा, रोज एक क्लिक जास्त पण विचारून उघडेल. वर कोपऱ्यात आयडेंटिटी प्लेट, म्हणजे नावाची पाटी, असते ती प्रत्येक कॅटलॉगला वेगळी ठेवता येते, माझ्या कामाच्या कॅटलॉगला लाल अक्षरात 'काम' लिहिलंय, दिसायला भिकार आहे पण रात्री दोन वाजता अल्बम सिलेक्शन करताना तेच कामाला येतं. नाव देताना 'न्यू', 'फायनल', 'कॉपी' असलं काही नको.

बॅकअपचं लक्षपूर्वक वाचा. बॅकअपमध्ये फक्त कॅटलॉग असतो, फोटो नसतात, आणि डिफॉल्टला तो कॅटलॉगच्याच फोल्डरमध्ये बनतो, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअपच्या विंडोतच जागा बदलून दुसरी डिस्क द्या. आणि बॅकअपची झिप उघडून त्यातल्या फाइलवर तिथेच डबल क्लिक करू नका, ओळखीच्या एकाने तसं करून महिनाभर त्या जुन्या कॉपीतच एडिटिंग केलं आणि अर्धं काम इकडे, अर्धं तिकडे. बॅकअप किती वेळाने घ्यायचा आणि एक्सएमपी ऑटो सेव्ह, या दोन्ही गोष्टी कॅटलॉग सेटिंग्जमध्ये असतात, प्रेफरन्सेसमध्ये नाही, म्हणजे प्रत्येक कॅटलॉग उघडून वेगळ्या सेट कराव्या लागतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता तुमच्या तीनचे दोन करायचे असतील तर आधी तिन्हीचा बॅकअप, मग घरचा उघडून फाइल मेन्यूत 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग', गणपतीचा निवडा, नवीन फोटो न हलवता ॲड करा. दोन्हीकडे असलेले आणि वेगळं एडिट झालेले फोटो ते वेगळे दाखवतं, तिथे जुनी सेटिंग व्हर्च्युअल कॉपी म्हणून ठेवायचा पर्याय आहे तो टिक करा, म्हणजे दोन्ही एडिट समोर ठेवून निवांत ठरवता येईल. गणपतीचा जुना कॅटलॉग लगेच डिलीट नका करू, दुसऱ्या डिस्कवर टाकून ठेवा.